ग्वाल्हेरच्या हवेत डुबिया झुरळांची कॉलनी

पाळलेल्या सरड्यांना खाऊ घालण्यासाठी ग्वाल्हेरमध्ये डुबिया झुरळांची कॉलनी लावायची तर महाशिवरात्र ते होळी हे दिवस गाठा. डबा बदलता येतो, खाणं सुधारता येतं, पण चुकीच्या ऋतूत आणलेली झुरळं सावरणं फार कठीण. डिसेंबरात आणलेली इथल्या थंडीत नुसती बसून राहतात, आणि मे महिन्यात मागवलेली पार्सलच्या खोक्यातच उन्हाने जातात. फेब्रुवारीच्या अखेरीस आलेल्या झुरळांना मात्र तापत जाणारे महिने मिळतात. पुढची थंडी येईपर्यंत त्यांची पहिली पिढी वयात आलेली असते.

मी जनकगंजात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर राहते आणि शाळेत जीवशास्त्र शिकवते. घरात बाजी नावाचा बिअर्डेड ड्रॅगन आहे आणि एक लेपर्ड गेको, दोन्ही पाळीव सरडे. दोघांचं किड्यांचं खाणं या एकाच डब्यातून निघतं. रातकिडे मी ठेवत नाही. ते रात्रभर ओरडतात, त्यांना लवकर वास येतो, आणि बाहेरगावाहून मागवले तर वाटेतच मरतात. सुपरवर्म नावाच्या मोठ्या अळ्यांमध्ये चरबी जास्त, म्हणून ते कधीमधी द्यायचे. डुबिया शांत असतं, उडत नाही, गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही, आणि नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं पुरतं.

आधी घरातल्यांशी बोला

झुरळ पाळणार म्हटल्यावर घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको. माझ्या सासूबाईंना मी आधी डबा दाखवला नाही, आधी समजावून सांगितलं. आपल्या मोरीत आणि ओट्याखाली असतात ती जर्मन झुरळं आणि अमेरिकन झुरळं. ती भिंत चढतात, अंड्यांच्या पेट्या कानाकोपऱ्यात टाकतात, आणि म्हणून घरभर होतात. डुबिया, म्हणजे ब्लाप्टिका डुबिया, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याची मादी अंड्यांची पेटी बाहेर टाकत नाही. ती पोटातच ठेवते आणि वेळ झाली की जिवंत पिल्लं बाहेर येतात. वाढ सावकाश, चाल सावकाश. डब्यातून एखादं पडलं तर अंधारा कोपरा धरून बसतं, स्वयंपाकघरात संसार थाटत नाही.

घरात कोणाला दमा असेल तर मात्र दोनदा विचार करा. झुरळांच्या विष्ठेची आणि कातींची धूळ ॲलर्जी देते, आणि ही गोष्ट डुबियालाही लागू आहे. डबा झोपायच्या खोलीत नको. साफसफाई करताना मास्क आणि हातमोजे घालायचेच, तेही अंगणात किंवा गच्चीवर.

मध्य आशियातली तुर्किस्तानी झुरळं, ज्यांना हौशी लोक रेड रनर म्हणतात, ती डुबियापेक्षा स्वस्त मिळतात आणि भराभर वाढतात. मी ती कोणालाच सुचवत नाही. ती अंड्यांच्या पेट्या टाकतात, चपळ असतात, आणि मुळात कोरड्या, उष्ण मुलखातली आहेत. आपल्या गावाची हवा त्यांना फार मानवेल.

घरातलं किंवा नालीतलं झुरळ पकडून सरड्याला कधीही देऊ नका. त्याच्या अंगात कुठलं विष आणि कुठले जंत आहेत ते आपल्याला दिसत नाही.

डबा

पन्नास-साठ लिटरचा, गुळगुळीत भिंतींचा, आरपार न दिसणारा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स घ्या. झुरळांना अंधार हवा, म्हणून पारदर्शक नको. झाकणात दोन मोठी चौकोनी भोकं कापून आतून बारीक स्टीलची जाळी बसवा. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ती कुरतडतात. भिंतींवर ओरखडे पडले असतील तर नवजात पिल्लांना तिथे पकड मिळते. म्हणून वरच्या काठाखाली आतल्या बाजूने रुंद, पारदर्शक पॅकिंग टेपचा पट्टा सलग फिरवा.

आत राहायला कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे लागतात, आणि ते उभे रचायचे. आडवे रचले की विष्ठा प्रत्येक थरात साचते. उभे असले की सगळं खाली पडतं आणि झुरळं वर कोरडी राहतात. ट्रे कोरेच घ्या, ठोक विक्रेत्याकडे गठ्ठ्याने मिळतात. वापरलेल्या ट्रेवर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, आणि तो किड्यांमार्फत सरड्यापर्यंत पोचतो. आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे कोऱ्या ट्रेचा आग्रह सासूबाईंनीही धरला. दोघींची कारणं वेगळी, निर्णय एकच झाला. ट्रेच्या वर झाकणापर्यंत चार बोटं तरी जागा मोकळी ठेवा.

तळाशी माती, भुसा, काही टाकायचं नाही. उघड्या तळावर पिल्लं दिसतात, ओल दिसते, मेलेलं झुरळ दिसतं.

डबा स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यात साबणाचा एखादा थेंब. पावसाळ्यात मुंग्यांची रांग डब्यात शिरली तर सगळी पिल्लं संपवते. स्टूल भिंतीला टेकता कामा नये.

ऊब

इथे सावकाश वाचा, कारण ग्वाल्हेरमध्ये कॉलनी टिकते किंवा बुडते ती तापमानावर.

डुबिया २८ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वितात. मी ३१-३२ धरते. २० च्या खाली प्रजनन थांबल्यासारखं होतं. झुरळं मरत नाहीत, पण खात नाहीत, वाढत नाहीत, पिल्लं होत नाहीत. वरच्या बाजूला ३८ च्या पुढे धोका सुरू होतो. आपल्या गावात जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्या आसपास जातो आणि मे-जूनमध्ये ४५ ओलांडतो. दोन्ही टोकं कॉलनीला घातक आहेत, आणि दोन्हींसाठी तयारी वेगळी.

थंडीसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) घ्या, पण थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. एसटीसी-१००० सारखा साधा डिजिटल थर्मोस्टॅट पुरतो. जोडणी येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि वायरचे सांधे उघडे ठेवू नका. मॅट डब्याच्या खाली नको, एका बाजूच्या भिंतीला बाहेरून, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात चिकटवा. खाली लावली तर तळाशी साचलेल्या विष्ठेत उष्णता कोंडते आणि तिथेच लपलेली पिल्लं भाजतात. थर्मोस्टॅटचं टोक आत, झुरळं बसतात त्या उंचीवर हवं. एक बाजू उबदार आणि दुसरी जरा थंड राहिली की झुरळं आपली जागा आपण निवडतात. नोव्हेंबर लागला की मॅट नसलेल्या तीन बाजूंना थर्मोकोलचे जाड तक्ते बांधा, झाकणाची जाळी मात्र मोकळी ठेवा. रात्री वीज गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवा. एखादी रात्र १५ अंशांवर गेल्याने कॉलनी मरत नाही, फक्त मागे पडते.

उन्हाळ्यात मॅट काढून ठेवा. डबा गच्चीखालच्या खोलीत असेल तर तो खाली आणा. जुन्या लश्कर भागातल्या ज्यांच्या घरी तळघर आहे त्यांनी एप्रिलच्या अखेरीपासून तेच वापरावं. लू, म्हणजे उन्हाळ्यातले गरम वारे, सुरू झाल्यावर हवा इतकी कोरडी होते की कात टाकताना पिल्लं जुन्या कातीतच अडकतात. अशा दिवसांत रसाळ भाजी रोज द्यायची, आणि एका कोपऱ्यात वाटीभर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) ठेवायचं. ओलं गोणपाट डब्याला बाहेरून गुंडाळलं तर त्या कोरड्या हवेत आतला पारा उतरतो. हा उपाय मे-जूनपुरताच. जुलैत तेच गोणपाट बुरशीला आमंत्रण देतं.

आणि कूलर. आपल्याकडे सगळ्यांच्या खिडकीत कूलर असतो, आणि कूलरच्या खोलीत दमट हवा भरते. डबा त्याच्या झोतात ठेवला की झुरळांच्या खाण्यातला चोकर, म्हणजे गव्हाचा कोंडा, ओला होतो, दोन दिवसांत पांढरी बुरशी आणि मागोमाग सूक्ष्म किडे येतात. खोली तीच असली तरी झोत डब्यावर नको. आर्द्रता ५० ते ६० टक्के ठीक. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा छोटा मापक आत चिकटवून ठेवा.

किती आणायची

वयात आलेल्या तीस माद्या आणि आठ-दहा नर. नराला पाठीवर लांब पंख असतात, मादीला पंखांचे नुसते खुंट. ओळखण्यात अडचण येत नाही. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरे. नर जास्त झाले तर आपापसांत भांडतात, एकमेकांचे पंख कुरतडतात आणि माद्यांनाही निवांत बसू देत नाहीत.

हिशोब असा. एक मादी साधारण दोन-अडीच महिन्यांनी वीस ते तीस पिल्लं देते. तीस माद्यांची मिळून, सगळं सुरळीत असेल तर, महिन्याला तीनशेच्या आसपास. मोठा बिअर्डेड ड्रॅगन मुख्यतः पाला-भाजी खातो. त्याला आठवड्यातून तीनदा आठ-दहा झुरळं पुरतात. लेपर्ड गेकोला दिवसाआड पाच-सहा. दोघांचे मिळून महिन्याला दोनशे. उरतात ती कॉलनी वाढवायला. बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू असेल तर हा हिशोब मोडतो. ते रोज डझनांनी किडे खातं. मग माद्या दुप्पट आणा, आणि कॉलनी तयार होईपर्यंतचं खाद्य वेगळं विकत घ्या.

नुसती लहान पिल्लं स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका. ती वयात यायला चार ते सहा महिने, आणि मग गाभण राहून वितील तेव्हा आणखी दोन. तेवढ्यात ग्वाल्हेरची थंडी दारात येते.

खाणं

सरडा झुरळ खातो तेव्हा झुरळाच्या पोटातलंही सगळं खातो. म्हणून झुरळाचं ताट हे सरड्याचंच ताट समजा.

कोरडं खाणं घरीच होतं. दाल बाजारातून गव्हाचा चोकर आणा, तीन वाट्या. त्यात एक वाटी ओट्स किंवा दलिया आणि एक वाटी भाजलेल्या चण्यांचं सत्तू. मिक्सरमधून बारीक करा म्हणजे नवजात पिल्लांनाही खाता येतं. चोकर आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर त्यातले किडे डब्यात जातात. बशीत एक-दोन दिवसांचंच घाला. पावसाळ्यात एकाच दिवसाचं.

कुत्र्यामांजरांचं खाद्य टाकलं की पिल्लं भराभर वाढतात, असं बरेच जण सांगतात. वाढतात हे खरं. पण झुरळ जास्तीचं प्रथिन युरिक ॲसिडच्या रूपात स्वतःच्या चरबीत साठवून ठेवतं. ते झुरळ रोज खाणाऱ्या सरड्याला गाउट होऊ शकतो, आणि त्याचे सांधे, मूत्रपिंडं बिघडतात. प्रथिन एकूण खाण्याच्या वीस टक्क्यांच्या आसपास ठेवा. चण्याचं सत्तू तेवढं काम करतं.

ओलं खाणं म्हणजे गाजर, लाल भोपळा, दुधी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पपई. आणि सगळ्यांत उत्तम शेवग्याचा पाला, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असतं. आमच्या वाड्यात शेवग्याचं झाड आहे, त्याला फवारणी नाही, त्यामुळे मी डोळे मिटून तो देते. मंडईतली भाजी मात्र पाण्यात बुडवून ठेवून दोन-तीनदा धुवायची, साल काढता येईल तिची काढायची. कीटकनाशक हे किडे मारायलाच असतं, आणि तुमच्या डब्यात किडेच आहेत. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मीठ-तेलाची उरलेली भाजी तर अजिबात नको. ओलं खाणं दुसऱ्या दिवशी उचलायचं.

पाण्याची उघडी वाटी ठेवली तर पिल्लं बुडून मरतात. कुंड्यांसाठी मिळणारे पाणी धरणारे जेल-खडे भिजवून उथळ झाकणात ठेवा, किंवा स्वच्छ स्पंजाचा तुकडा ओला करून ठेवा आणि दर दोन दिवसांनी बदला.

वाट पाहणं

प्रवासाने थकलेल्या माद्या आल्या आल्या वितील अशी अपेक्षा नको. काही तर ताणामुळे पोटातली पिवळसर पेटी टाकून देतात. तळाशी एखादी दिसली तर घाबरू नका. रोज दिसू लागल्या तर पाणी कमी पडतंय, थंडी लागतेय किंवा तुम्ही डबा फार हलवताय, या तीनांपैकी एक कारण आहे. तेच शोधा.

पहिली पिल्लं एप्रिल-मेमध्ये दिसतील, तिळाएवढी नाही, पण तांदळाच्या दाण्याहून छोटीच. एखादं दुधासारखं पांढरं झुरळ दिसलं तर ते आजारी नाही, त्याने नुकतीच कात टाकलेली आहे. काही तासांत रंग येतो. त्याला हात लावू नका, अंग मऊ असतं.

आणि आता जे सांगते ते पाळायला सगळ्यांत अवघड आहे. गणपती येईपर्यंत या डब्यातून एकही झुरळ खायला काढायचं नाही. डबा उघडला की पिल्लंच पिल्लं दिसतात आणि वाटतं, दहा काढली तर काय बिघडतं. पण कॉलनी त्याच पिल्लांची होणार आहे. बहुतेक कॉलन्या रोगाने मरत नाहीत. त्या पहिल्या चार महिन्यांत खाऊन संपवल्या जातात. तोवर बाजीला मी विकतचंच खाद्य देत होते, आणि तो खर्च कॉलनीच्या किमतीतच धरायचा असतो.

या काळात डबा रोज फक्त खाण्यापुरता उघडायचा. सफाई तीन महिन्यांतून एकदा. तीही पूर्ण नाही. विष्ठेचा थोडा थर मागे ठेवा, नवजात पिल्लं तो खातात आणि पचनाला लागणारे जिवाणू त्यातूनच मिळवतात. काढलेली विष्ठा पिठाच्या चाळणीने चाळा, बारीक पिल्लं वर राहतात. खालचा भुगा कुंड्यांना खत म्हणून उत्तम. चाळणी अर्थातच वेगळी घ्या.

निरोगी डब्याला कोरड्या चोकरासारखा वास येतो. अमोनियाचा झणका आला की ओल झाली आहे. ट्रे बदला, ओलं खाणं काढा, झाकणाची भोकं वाढवा.

सरड्याला देताना

आधी नर काढायचे, मग मधल्या आकाराची पिल्लं. विणाऱ्या माद्यांना हात लावायचा नाही. झुरळ सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठं नको. मोठं गिळलं तर अडकतं. काढलेली झुरळं एक-दोन दिवस वेगळ्या डबीत शेवगा आणि गाजरावर ठेवा. देताना प्लास्टिकच्या पिशवीत चिमूटभर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर घालून हलवा. किड्यांना हाडं नसतात, त्यामुळे त्यांच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. ही तूट भरली नाही तर सरड्याची हाडं मऊ होऊन वाकतात. बिअर्डेड ड्रॅगनला त्याबरोबर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवाही हवाच, नुसत्या पावडरीने भागत नाही. खाणं वाडग्यात किंवा चिमट्याने द्या. उरलेली झुरळं रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नका.

विषाबद्दल

डास मारायचं लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे, झुरळांचा खडू, या सगळ्यांत झुरळ मारणारीच औषधं आहेत. ज्या खोलीत डबा आहे तिथे यांतलं काहीही नको, मच्छरदाणी लावा. शेजारच्या खोलीत पेस्ट कंट्रोल असेल तर डबा आदल्या दिवशी दुसऱ्या घरी हलवा. दिवाळीआधी रंग काढतात तेव्हाही. स्प्रे मारलेल्या हाताने चोकर ढवळलात तरी पुरतं.

सरडा कोणता, हेही पाहा

हे सगळं विदेशी, पिंजऱ्यात जन्मलेल्या सरड्यांसाठी आहे. आपल्या रानातली घोरपड, तारा कासव, चंबळेतली कासवं घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चंबळ इतकी जवळ आहे की कोणी ना कोणी ‘नदीवरून आणलंय’ म्हणून कासव दाखवतोच. घेऊ नका, वनखात्याला कळवा. इग्वाना किंवा बॉल पायथनसारखे साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश २.० या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते.

झुरळं जास्त झाली तर

दोन थंड्या निघाल्या की डबा भरतो. तेव्हा दुसऱ्या हौशी माणसाला वीस माद्या, पाच नर आणि मूठभर जुनी विष्ठा द्या, म्हणजे त्याची कॉलनी लवकर रुळते. देण्याचे दिवस तेच, महाशिवरात्र ते होळी. घेणारा कोणी नसेल तर जास्तीची झुरळं बंद डबीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कुंडीत पुरा. बागेत, नालीत, उकिरड्यावर जिवंत सोडायची नाहीत, एकसुद्धा नाही. जुने ट्रेही तसेच, आधी फ्रीझरमध्ये, मग कचऱ्यात. पिल्लं ट्रेच्या खळग्यांत इतकी घट्ट बसतात की झटकूनही पडत नाहीत.